हेडशॉट काढायचाय? मग आधी फोटोग्राफर नीट निवडा (मराठवाड्यातल्या मंडळींसाठी सविस्तर)

आपल्याकडच्या लोकांचे लिंक्डइनवरचे नाहीतर व्हॉट्सॲपवरचे डीपी एकदा ओळीनं बघा. चुलत भावाच्या लग्नातला, फेट्यातला फोटो, त्यात खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय कारण हाताचा मालक क्रॉप झालाय. नाहीतर कारमधे बसून गॉगल लावून काढलेली सेल्फी. नाहीतर सरळ पासपोर्ट साइज, मागं निळा पडदा, चेहऱ्यावर असा भाव की आत्ताच मामलेदार कचेरीतून हाकलून दिलंय. माणूस वाळूजला चांगल्या कंपनीत क्वालिटी बघतोय, नाहीतर लातूरला फिजिक्स शिकवतोय आणि पोरं बाहेर रांगेत उभी आहेत, पण फोटोवरून यातलं काहीच कळत नाही. ते कळावं म्हणून हेडशॉट, म्हणजे कामासाठी मुद्दाम काढलेला, खांद्यापासून वरचा फोटो.

भरतीच्या कामात माझ्यासमोरून रोज प्रोफाइल जातात म्हणून जरा स्पष्ट बोलतो. फोटो बघून कुणी नोकरी देत नाही, पण फोटो बघून लोक मत बनवतात आणि तेही लई लवकर. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जेनिन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी २००६ मधे यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते, अनोळखी चेहरा सेकंदाच्या फक्त दहाव्या भागापुरता दाखवला तरी लोकांनी हा विश्वासू वाटतो, हा कामाचा वाटतो अशी मतं दिली, आणि जास्त वेळ दिल्यावर मत फारसं बदललं नाही, फक्त स्वतःच्या मतावरचा भरवसा वाढला. आता हे मत बरोबर असतं असं कुणी समजू नका हां, चेहऱ्यावरून माणूस कळत नसतो. पण समोरचा मत बनवणारच असेल तर निदान अंधारातल्या सेल्फीवरून तरी बनवू नये एवढीच आपली इच्छा.

आणि हे फक्त नोकरीवाल्यांसाठी नाही. नांदेडला दवाखाना टाकलेला डॉक्टर, जालन्यातला बियाण्याचा व्यापारी, परभणीतली आर्किटेक्ट, क्लासवाले सर, सीए, सगळ्यांना आता गूगलवर, वेबसाइटवर, फ्लेक्सवर, सेमिनारच्या पत्रिकेवर फोटो लागतो. मग ऐन वेळी "सर एखादा चांगला फोटो पाठवा ना" असा मेसेज येतो आणि आपण गॅलरीत खाली खाली जात तिरुपतीच्या ट्रिपपर्यंत पोचतो.

आधी ठरवा, फोटो लागणार कुठं

पासपोर्ट फोटो आणि हेडशॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्ट फोटो ओळख पटवायला असतो, म्हणून चेहरा सरळ, उजेड दोन्ही बाजूनं सारखा, भाव काहीच नाही. हेडशॉटमधे खांदे थोडे वळलेले असतात, उजेड एका बाजूनं जरा जास्त असतो म्हणून चेहऱ्याला उठाव येतो, आणि डोळ्यांत माणूस दिसतो. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मला हेडशॉट टाकू नका, तिथं साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर, २० ते ५० केबी असले नियम असतात, जाहिरातीत जे लिहिलंय तेच टाका. आणि लिंक्डइनला पासपोर्ट फोटो टाकू नका.

फोटोग्राफरकडं जायच्या आधी एका कागदावर लिहा, कुठं वापरणार, कोण बघणार, त्याला मी कसा वाटायला पाहिजे. लहान मुलांच्या डॉक्टरला हसरा चेहरा लागतो, क्रिमिनल केसेस चालवणाऱ्या वकिलाला तेवढा नाही लागत. हे फोटोग्राफरला सांगितलं नाही तर तो बिचारा सगळ्यांना हाताची घडी घालूनच उभं करणार.

फोटोग्राफर शोधायचा कुठं आणि बघायचं काय

स्टुडिओला काही तोटा नाही. संभाजीनगरात औरंगपुरा, निराला बाजारकडं चक्कर मारा, लातुरात गंजगोलाई नाहीतर औसा रोड, नांदेडात वजिराबाद, सगळीकडं बोर्ड दिसतील. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडच्या बहुतेक फोटोग्राफरचं पोट लग्नावर आहे, आणि लग्नाच्या कामात काही काही जण खरंच भारी आहेत, ड्रोन म्हणा, प्री-वेडिंग म्हणा, हळदीचे फोटो म्हणा. पण नवरी नटलेली असते, मंडप सजलेला असतो, भावनाही भरपूर असतात, तिथं फोटो निम्मा आधीच तयार असतो. साध्या शर्टातला चाळिशीचा लाजरा माणूस रिकाम्या भिंतीसमोर उभा करून त्याला बरं दाखवणं हे वेगळंच कसब. म्हणून लग्नाचा अल्बम कितीही जाड असला तरी बाजूला ठेवायला सांगा आणि म्हणा, "दादा, साध्या माणसांचे, एकेकट्याचे, खांद्यापासून वरचे फोटो दाखवा." हे निघालेच नाहीत तर चहा घेऊन उठा.

निघाले तर मोठ्या स्क्रीनवर बघा, इन्स्टाच्या चौकटीत सगळंच चांगलं दिसतं. पहिल्यांदा डोळे बघा. बुबुळात उजेडाचा एक छोटा ठिपका दिसतो, त्याला कॅचलाईट म्हणतात, तो नसला की डोळे मेल्यासारखे दिसतात, आणि तो वरच्या बाजूला, घड्याळातल्या दहाच्या नाहीतर दोनच्या जागी असला की समजायचं लाईट विचार करून लावलाय. मग दोन्ही डोळे शार्प आहेत का बघा. मागचं सगळं धूसर करायच्या नादात काही जण लेन्स एवढी उघडी ठेवतात की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा डोळा, कान सगळं पिठात बुडवल्यासारखं. मग केसांची कड बघा, बॅकग्राऊंड कापून दुसरं चिकटवलेलं असलं की तिथं लगेच कळतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कातडीचा रंग. हे मी दहादा सांगेन. आपल्याकडं फोटोशॉपचा पहिला हात फिरतो तो गोरं करायला. न विचारता. सावळा माणूस आत जातो आणि फोटोत पावडरच्या डब्यातून निघाल्यासारखा बाहेर येतो, गळ्याचा रंग एक आणि गालाचा एक. तेव्हा फोटोग्राफरनं काढलेल्या फोटोंत सावळी माणसं सावळीच दिसतात का हे बघा, आणि पन्नाशीपुढच्या माणसाच्या सुरकुत्या शिल्लक आहेत का तेही बघा. चष्मेवाले कसे दिसतात, काचेवर लाईटचा पांढरा चौकोन आलाय का, हेही बघून घ्या. या तीन गोष्टी ज्याच्या कामात नीट आहेत त्याचा कॅमेरा कोणता हे विचारायची गरजच नाही. कॅमेऱ्याचं मॉडेल सांगून भाव वाढवणारे बरेच भेटतील.

फोनवर काय विचारायचं

एका हेडशॉटला किती वेळ देता? उत्तर "पाच मिनिटं, लगेच होतं" असं आलं तर तो पासपोर्ट फोटोच देणार आहे, फक्त पैसे जास्त घेणार. निदान अर्धा पाऊण तास तरी पाहिजे, कारण पहिली दहा मिनिटं माणसाचा चेहरा लाकडासारखाच असतो, ती वाया जाणारच.

काढताना फोटो दाखवत जाता का? लॅपटॉपला कॅमेरा जोडून लगेच दाखवणारे असतात, नसेल तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तरी दाखवायला पाहिजेत, म्हणजे कॉलर वाकडी आहे हे तिथंच कळतं.

लेन्स कोणती वापरता? याचं उत्तर ८५, १०५, १३५ असल्या एमएमच्या आसपास आलं तर बरं, लहान सेन्सरचा (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) कॅमेरा असेल तर ५० एमएम पण चालतं. कारण असं की जवळ जाऊन काढलं की नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, खरं तर हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो, दीड दोन मीटर लांब उभं राहायचं आणि तरी फ्रेममधे चेहरा मोठा यायचा म्हटलं की लांब लेन्सच लागते. सेल्फीत आपण विचित्र का दिसतो याचं कारण पण हेच आहे, तेव्हा नाकाला दोष देऊ नका.

मग पैशाचं. "पॅकेज एवढं" या एका आकड्यावर थांबू नका, त्यात किती फायनल फोटो, किती कपडे, रिटचिंग (म्हणजे काढल्यावर फोटोवर करायची साफसफाई) धरलंय का, किती दिवसांत मिळणार, आणि मुख्य म्हणजे मोठ्या साइजची सॉफ्ट कॉपी मिळणार का हे सगळं फोडून विचारा. सॉफ्ट कॉपीवरून आपल्याकडं लई वाद होतात. काही स्टुडिओवाले म्हणतात, फोटो आम्ही काढला, फाईल आमची. कायदा जरा वेगळं म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं तुम्ही पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार काही झालेला नसेल तर कॉपीराइटचे पहिले मालक तुम्हीच. पण कायदा दाखवून भांडत बसण्यापेक्षा आधीच व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घेतलेल्या बऱ्या: एवढे पैसे, एवढे फोटो, मोठी फाईल मिळणार, आणि माझा फोटो तुमच्या पेजवर नाहीतर दुकानाच्या बोर्डावर मला विचारल्याशिवाय लावायचा नाही. गावात ही शेवटची गोष्ट लई होते, माणूस सहज रस्त्यानं चाललाय आणि स्टुडिओच्या काचेत स्वतःच दिसतोय.

मुलींनी, ताईंनी अजून थोडं विचारायचं. कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे का, सोबत कुणी आलं तर चालेल का, स्टुडिओत अजून कोण असतं. चांगला फोटोग्राफर हनुवटी, खांदा, पदर काहीच हात लावून सरळ करत नाही, स्वतः करून दाखवतो नाहीतर तोंडानं सांगतो. या प्रश्नांवर ज्याला राग येतो त्याच्याकडं जाऊच नका.

तारीख आणि वेळ

लग्नसराईत चांगला फोटोग्राफर सापडत नाही, सापडलाच तर रात्रभर वरात काढून आलेला असतो. चातुर्मासात लग्नं थांबली की त्यांना निवांतपणा असतो, तेव्हा वेळही जास्त देतात आणि दरही थोडा खाली बसतो, घासाघीस करून बघा. मे महिन्यात मात्र शक्यतो टाळा. बेचाळीस डिग्रीत स्कूटरवरून तोंडाला स्कार्फ बांधून, नाहीतर डोक्याला रुमाल आणि वर हेल्मेट घालून स्टुडिओत पोचलात की कपाळावर वळ, केस चपटे, चेहरा तेलकट. उन्हाळ्यातच काढायचा असेल तर सकाळी लवकर जा, पंधरा वीस मिनिटं पंख्याखाली बसा, थंड पाण्यानं तोंड धुवा आणि टिश्यू जवळ ठेवा. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आल्या आल्या तर अजिबात जाऊ नका.

केस कापायचे असतील तर चार पाच दिवस आधी कापा, त्याच दिवशी कापले की कानामागचं पांढरं दिसतं.

कपडे

रोज कामाला जे घालता त्यातलंच बरं निवडा. बारीक रेघांचा, बारीक चौकड्यांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती काढता काढता एडिटरचा जीव जातो. पांढऱ्या भिंतीपुढं पांढरा शर्ट नको. मधल्या करड्या रंगाचं बॅकग्राऊंड सगळ्यात सोपं, त्यावर बहुतेक रंग बसतात, सावळ्या रंगालाही ते चांगलं.

साडी असेल तर आपल्याला पहिल्यांदा पैठणी आठवते, साहजिक आहे, पैठण आपलंच. पण रुंद जरीचा पदर फ्लॅशखाली चमकतो आणि बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्याऐवजी मोरावर जातं. नेसायचीच असेल तर बारीक काठाची घ्या आणि फोटोग्राफरला आधी सांगा, म्हणजे लाईट मऊ ठेवेल. हिमरूचं जाकीट पण छान दिसतं, आत साधा कुर्ता असला तर. टिकली, मंगळसूत्र, गंध, टोपी, जे रोज असतं ते ठेवा, जे रोज नसतं ते फोटोपुरतं चढवू नका. चष्मा रोज घालत असाल तर घालूनच काढा. काचेवर उजेड आलाच तर दांड्या कानावरून किंचित वर उचलायच्या म्हणजे काच थोडी खाली झुकते, किंवा लाईट वर घ्यायला सांगायचा.

दोन वरचे कपडे इस्त्री करून हँगरवरच न्या. घडी घालून पिशवीत कोंबलेल्या शर्टाची घडी फोटोत बरोब्बर छातीवर येते.

प्रत्यक्ष काढताना

स्टुलाच्या पुढच्या कडेवर बसा, पाठ आपोआप सरळ होते. खांदे कॅमेऱ्याला सरळ नकोत, थोडे तिरपे, चेहरा मात्र कॅमेऱ्याकडं. मग हनुवटी पुढं आणि किंचित खाली. हे करताना आपण कासव झालोय असं वाटतं पण समोरून गळ्याखालचं लोंबणारं गायब होतं, करून बघा.

लाईटचं तुम्हाला करायचं काही नसतं, पण कळलेलं बरं. मुख्य लाईट एका बाजूनं, साधारण ४५ अंशात, डोळ्यांच्या थोडा वर, आणि मोठ्या सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणारा कापडी डबा) नाहीतर छत्रीतून. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा रिफ्लेक्टर धरला की सावली हलकी होते. कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश सरळ तोंडावर मारला तर चेहरा सपाट आणि मागं भिंतीवर काळी सावली, असं करणारा फोटोग्राफर हेडशॉटला घेऊ नका. छतावरची ट्यूब बंद करायला सांगा, दोन रंगांचे उजेड मिसळले की अर्धा चेहरा हिरवट येतो.

आता भाव. "स्माईल प्लीज" म्हटल्यावर जे येतं ते दातांचं प्रदर्शन असतं, हसू नसतं. चांगला फोटोग्राफर गप्पा मारतो, काय करता, गाव कोणतं, यंदा सोयाबीनचं काय झालं, आणि मधेच क्लिक करतो. तो बोलत नसेल तर तुम्ही बोला. एखादा आवडता विद्यार्थी, पेशंट, गिऱ्हाईक समोर दारातून आत येतंय असं मनात आणा, डोळे आपोआप बदलतात. काही फोटो हसून, काही तोंड मिटून, काही गंभीर, तिन्ही काढून घ्या.

निवड आणि रिटचिंग

फोटो निवडताना स्वतःवर फार विश्वास ठेवू नका. आपण आपल्याला रोज आरशात बघतो, म्हणजे उलटं, म्हणून फोटोतला सुलटा चेहरा आपल्याला खटकतो, भांग भलत्याच बाजूला वाटतो. बाकीच्या जगाला तोच चेहरा माहीत असतो. चार पाच फोटो बाजूला काढा आणि ऑफिसातल्या एखाद्या खडूस माणसाला दाखवा. आईला दाखवू नका, आईला सगळेच आवडतात.

रिटचिंगचा एक सोपा नियम धरा, पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार ते काढायचं, जे राहणार ते ठेवायचं. पिंपल, दाढी करताना कापलेलं, डोळ्याखालची जागरणाची सूज, हे काढा. तीळ, जुना व्रण, सुरकुत्या, रंग, हे ठेवा. आणि फोटोग्राफरला हे आधीच, शब्दांत सांगा: "गोरं करायचं नाही, स्किन प्लास्टिकसारखी करायची नाही, चेहरा बारीक करायचा नाही." नाही सांगितलं तर तो करणार, कारण बाकीचं गिऱ्हाईक तेच मागतं, त्याचाही दोष नाही. गुटख्याचे दात फोटोशॉपमधे पांढरे होतात, पण इंटरव्ह्यूला तेच दात घेऊन जायचं असतं.

याच कारणानं मला ती एआयनं हेडशॉट बनवणारी ॲप पटत नाहीत. आठ दहा सेल्फी टाकल्या की सुटाबुटातला एक देखणा माणूस मिळतो, तुमच्या लांबच्या भावासारखा दिसणारा. समोरासमोर भेटल्यावर माणूस दोन सेकंद गोंधळतो, आणि त्या दोन सेकंदांत तुमचं नुकसान होतं.

फाईल घेताना

मोठ्या साइजची जेपेग मागा, एसआरजीबी कलरमधे, म्हणजे वेबसाइटवर रंग बिघडत नाहीत. छापायला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं, म्हणजे ८ बाय १० इंचाच्या प्रिंटला साधारण २४०० बाय ३००० पिक्सेल, एवढी तरी फाईल पाहिजेच. लिंक्डइनला निदान ४०० बाय ४०० पिक्सेलचा चौकोनी फोटो लागतो आणि तो दिसतो गोलात, तेव्हा डोक्यावर आणि बाजूला थोडी जागा सोडलेली कॉपी पण मागून घ्या, नाहीतर गोलात कान कापले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा.

पैसे नसतील, किंवा गावात कुणीच नसेल तर

जुन्या घराची ओसरी असेल तर अर्धं काम झालंच. सावलीत, अंगणाकडं तोंड करून उभं राहा, ऊन थेट अंगावर नको पण उजेड समोरून येऊ दे. मागची भिंत चार पाच फूट लांब पाहिजे. मोबाईलचा मागचा कॅमेरा वापरा, पुढचा नको, २एक्स झूम असेल तर तो लावा, आणि दुसऱ्या कुणाला तरी पाच सहा फुटांवरून तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून काढू द्या. लेन्स रुमालानं पुसा, हे नव्वद टक्के लोक करत नाहीत (आकडा माझा, भावना सगळ्यांची). पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो केस आणि कान खातो. पहिल्या नोकरीला एवढा फोटो पुरतो.

कंपनी, हॉस्पिटल, क्लासवाल्यांसाठी

सगळ्या स्टाफचे फोटो काढायचे असतील तर लोकांना स्टुडिओत पाठवू नका, फोटोग्राफरलाच बोलवा, मीटिंग रूममधे एक बॅकग्राऊंड आणि दोन लाईट मावतात. शिफ्टप्रमाणं वेळा लावून द्या, आणि आदल्या दिवशी ग्रुपवर कपड्यांचं टाका. लाईट कुठं ठेवला होता, किती अंतर, बॅकग्राऊंडचा रंग, लेन्स, सेटिंग, हे सगळं फोटोग्राफरकडून लिहून घ्या आणि मांडणीचा एक मोबाईल फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी नवीन माणूस जॉईन होतो, तोपर्यंत फोटोग्राफर बदललेला असतो, आणि मग वेबसाइटवर बाराजण करड्या भिंतीपुढं आणि तेरावा एकटा बागेत असं होतं, ते या कागदानं टळतं.